रिकामें घर, पण बेवारशी नव्हे

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. एक, "तिकडे थंडी फार असते का हो?" आणि दुसरा, "उंच उंच इमारती पाहिल्यात कीं नाहीं?" मागें एका सप्टेंबरांत डेन्व्हर शहरीं मुलाकडे महिनाभर राहून मी पुण्यास परतलें, तेव्हां शेजारच्या आप्पांनीं मला हा दुसरा प्रश्न केला. मीं म्हटलें, "इमारती पुष्कळ पाहिल्या, आप्पा, पण मनांत राहिली ती एक चार मजल्यांची. आठशें वर्षांपूर्वींची." आप्पा मोठ्यानें हंसले. "वहिनी, त्या राष्ट्राचें वयच मुळीं अडीचशें वर्षें! आठशें वर्षांपूर्वीं तेथें बांधणार कोण?"

आप्पांचें हंसणें मला लागलें नाहीं. कारण डेन्व्हरला जाण्यापूर्वीं कोणीं मला हें सांगितलें असतें तर मीही अशीच हंसलें असतें. राष्ट्राचें वय आणि भूमीचें वय यांत आपण नेहमींच गल्लत करतों. राष्ट्र अडीचशें वर्षांचें असेल. त्या भूमीवर चुली पेटत आल्या आहेत त्या हजारों वर्षें. आजच्या लेखांत त्यांपैकीं कांहीं चुलींपर्यंत वाचकांस न्यावें असा विचार आहे. त्या कड्यांच्या कपारींत आहेत. त्यांना विझून सातशें वर्षांवर काळ लोटला. आणि त्यांच्याजवळ उभें असतांना मला माझ्या स्वतःच्या एका चुकीची लाज वाटली. ती चूकही सांगणार आहें.

कोलोरॅडो राज्याच्या अगदीं नैर्ऋत्य कोपऱ्यांत 'मेसा व्हर्दे' नांवाचें एक पठार आहे. नांव स्पॅनिश आहे; अर्थ 'हिरवें मेज'. पांचगणीचें टेबललँड ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना कल्पना येण्यास अडचण पडणार नाहीं. मात्र हें पठार समुद्रसपाटीपासून सात ते साडेआठ हजार फूट उंच आहे, आणि खोल घळींनीं जागोजाग चिरलें गेलें आहे. वर पाइन आणि जुनिपरचीं ठेंगणीं झाडें, खालीं तांबूस-पिंवळ्या वालुकाश्माचे ताठ कडे. या कड्यांच्या कपारींत माणसांनीं बांधलेल्या सुमारें सहाशें वास्तू आहेत. पठारावरील अवशेषही मोजले तर एकंदर संख्या पांच हजारांच्या घरांत जाते. १९०६ सालीं हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला, आणि १९७८ सालीं 'युनेस्को'नें जागतिक वारशाच्या पहिल्याच यादींत त्याचा समावेश केला.

डेन्व्हरहून हें ठिकाण सुमारें चारशें मैल. मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि मी असे चौघे निघालों. दिवसभर डोंगर ओलांडून रात्रीं कॉर्टेझ या गांवीं मुक्काम केला आणि सकाळीं उद्यानाच्या फाटकांत शिरलों. फाटकापासून मुख्य वास्तूंपर्यंत वीस-बावीस मैलांचा वळणावळणाचा रस्ता आहे. मोठ्या वास्तूंत एकट्यादुकट्यानें हिंडतां येत नाहीं; आगाऊ तिकीट काढून, ठरल्या वेळीं, उद्यानाच्या रेंजरबरोबरच उतरावें लागतें. आमच्या वेळेस तासभर अवकाश होता, म्हणून पठारावरच्या एका पायवाटेनें फिरूं लागलों.

त्या वाटेवर नातीला एका जुनिपरच्या मुळाशीं खापराचा एक तुकडा सांपडला. रुपयाएवढा, पांढऱ्या अंगाचा, आणि त्यावर काळ्या रंगाच्या चार समांतर रेघा. रेघा इतक्या सरळ कीं रांगोळी काढणाऱ्या सरावलेल्या हाताची आठवण व्हावी. तिनें तो माझ्यासमोर धरला, मीं उलटसुलट करून पाहिला, आणि तिनें तो झग्याच्या खिशांत टाकला. येथील कोणतीही वस्तु उचलूं नये, ही सूचना वाटेच्या तोंडाशींच मीं वाचली होती. तरीही मी गप्प बसलें. इतक्या मोठ्या पठारावरून एक खापरी गेली तर काय बिघडलें, असें मनांत आलें. खरें सांगावयाचें तर, पुण्यास काचेच्या कपाटांत तो तुकडा कसा शोभेल, हाही विचार येऊन गेला. मुलगा व सून पुढें गेलीं होतीं. त्यांना कांहींच कळलें नाहीं.

ठरल्या वेळीं कड्याच्या टोंकाशीं गेलों आणि खालीं पाहिलें. समोर कड्याच्या पोटांत एक प्रचंड आडवी कपार, आणि तिच्या सांवलींत एक सबंध गांव! चौकोनी मनोरे, एक वाटोळा मनोरा, एकाला एक चिकटलेल्या खोल्या, काळोख्या खिडक्या, पुढें अंगणासारख्या सपाट जागा. एक चौकोनी मनोरा तर चार मजले चढून कपारीच्या छताला टेकावयास आलेला. ही या पठारावरची सर्वांत मोठी वास्तु. इंग्रजींत तिला 'क्लिफ पॅलेस', म्हणजे कड्यांतला राजवाडा म्हणतात. पण तेथें राजा कधींच नव्हता. सुमारें दीडशें खोल्या, 'किवा' नांवाचीं तेवीस वाटोळीं तळघरें, आणि राहणारीं माणसें अजमासें शंभर. बाकीच्या सहाशेंतील बहुतेक वास्तू अगदीं लहान आहेत. शेंकडा पंच्याहत्तरांत एक ते पांच खोल्यांहून अधिक कांहीं नाहीं.

आमच्या तुकडीची रेंजर एक मध्यम वयाची बाई होती. खालीं उतरण्यापूर्वींच तिनें सर्वांना थांबवून बजावलें, "आपण आतां एका घरांत जात आहोंत. घरधनी आज येथें दिसत नाहींत, पण ते आहेत. भिंतींवर बसूं नका, हात लावूं नका, आंत कांहीं खाऊं नका." परक्याच्या घरीं लेंकरांना नेतांना आपल्या आया हेंच सांगत. मला ती बाई तेथेंच आवडली, आणि त्याच क्षणीं नातीच्या खिशाची आठवण होऊन मनाला किंचित् टोंचलेंही.

उतरतांना ओबडधोबड दगडी पायऱ्या आणि वर येतांना लांकडी शिड्या, असा शंभर फुटांचा चढउतार आहे. सत्तरीला आलेल्या बाईनें शिडी चढावी कीं नाहीं, यावर आमच्या घरांत आदल्या रात्रीं बराच खल झाला होता. मी चढलें. सून मागें होती, मुलगा पुढें होता, आणि एवढ्या उंचीवरच्या विरळ हवेनें दर पायरीस माझ्या वयाची आठवण करून दिली, एवढें कबूल करतें.

ही कपार झाली कशी, तें रेंजरबाईनें सोप्या शब्दांत सांगितलें. वर पडलेलें पावसाचें व बर्फाचें पाणी सच्छिद्र वालुकाश्मांतून झिरपत खालीं जातें. वाटेंत चिकणमातीच्या खडकाचा घट्ट थर लागला कीं त्याची वाट खुंटते आणि तें कड्याच्या अंगानें पाझरूं लागतें. हिंवाळ्यांत तें गोठतें, गोठतांना फुगतें, आणि खडकाच्या चिपा उडवितें. हजारों वर्षें असें होतां होतां कड्याच्या पोटांत पोकळी तयार होते. म्हणजे ज्या पाण्यानें घराची जागा कोरली, तेंच पाणी मागच्या भिंतीशीं झऱ्याच्या रूपानें पिण्यासही मिळतें. बहुतेक मोठ्या वास्तूंचीं तोंडें दक्षिणेकडे वा नैर्ऋत्येकडे आहेत. उन्हाळ्यांतला सूर्य माथ्यावरून जातो, तेव्हां वरचा कडा सांवली धरतो. हिंवाळ्यांत सूर्य खालून जातो, तेव्हां ऊन थेट आंत येतें. वास्तुशास्त्राचें एकही पुस्तक नसतां त्या लोकांनीं जागा निवडल्या त्या अशा.

बांधणाऱ्यांजवळ लोखंड नव्हतें, चाक नव्हतें, ओझ्याचें जनावर नव्हतें. कठीण दगडानें मऊ वालुकाश्म ठोकून ठोकून त्यांनीं हातांत मावतील असे चिरे घडविले, माती, पाणी व राख यांच्या गाऱ्यानें ते सांधले, आणि सांध्यांत बारीक चिपा बसविल्या. खोल्या किती लहान म्हणाल, तर सर्वसाधारण खोली आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद. माणसेंही ठेंगणीं होतीं; पुरुष सव्वापांच फुटांच्या आसपास, स्त्रिया पांच फुटांच्या. धुरानें काळवंडलेलें छत आठशें वर्षांनंतरही काळेंच आहे. आणि कांहीं ठिकाणीं गाऱ्यांत बांधणाऱ्यांच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे राहिले आहेत. पायथ्याच्या भिंतीपाशीं मीं ते पाहिले. घराच्या भिंती सारवतांना माझ्या सासूबाईंच्या बोटांचीं वळणें अशींच उमटत. हात लावावयाचा नाहीं, हें ठाऊक असूनही माझी बोटें आपोआप पुढें झालीं होतीं. तीं मीं मागें घेतलीं.

किवा म्हणजे नुसतें देवघर नव्हे. धर्मविधि तेथें होत; आणि थंडीच्या दिवसांत तेथेंच माणसें जमत, विणकाम करीत, मुलांना गोष्टी सांगत, असें समजतात. वरून छत, छताला चौकोनी भोंक, आणि त्यांतून शिडीनें आंत उतरावयाचें. मध्यें अग्निकुंड. ताजी हवा यावी म्हणून भिंतींतून एक उभें धुराडें काढलेलें, आणि त्या हवेच्या झोतानें विस्तव उधळूं नये म्हणून मध्यें एक आडवा दगड उभा केलेला. अग्निकुंडापलीकडे जमिनींत वाटीएवढें एक भोंक असतें. त्याला 'सिपापू' म्हणतात. आपले आदिपूर्वज खालच्या जगांतून या जगांत वर आले, त्या वाटेची ती खूण. घरांत बसल्या बसल्या आपण कोठून आलों याची रोज आठवण राहावी, अशी ही योजना.

त्यांचें रोजचें जीवन कष्टाचें होतें. मका, घेवडा आणि भोपळा हीं मुख्य पिकें. शेतें वर पठारावर. खडकांत कोरलेल्या खोबणींत हातापायांचीं बोटें रुतवून पुरुष-बायका त्या कड्यावरून शेतावर जात येत. टर्की पक्षी पाळलेले असत. त्यांच्या पिसांचीं पांघरुणें, युक्का नांवाच्या वनस्पतीच्या तंतूंच्या चपला. वरच्या अरुंद कपारींत धान्याच्या कोठ्या, उंदीर-घुशींपासून सुरक्षित. आणि खालीं मका दळावयाचे दगड. हे आपल्या जात्यासारखे फिरते नव्हेत. तो आहे उतरता दगडी पाटा, आणि त्यावर दोन्ही हातांनीं पुढें-मागें लोटावयाचा लांबट दगड. पाहतांक्षणींच मीं म्हटलें, हा तर पाटा-वरवंटा! पिढ्यान् पिढ्यांच्या बायकांनीं गुडघे टेकून लोटून लोटून त्या पाट्यांना मध्यें खोलगट केलें आहे. दळतांना वालुकाश्माची कच पिठांत उतरे, आणि तीच भाकरी खाऊन तरुणपणींच दांत झिजत. निम्मीं मुलें पांच वर्षांचीं होण्यापूर्वींच जात, असें उद्यानाचे तज्ज्ञ सांगतात. बहुतेक माणसांचें आयुष्य तिशी-पस्तिशींत संपे. कांहीं थोडीं पन्नाशी-साठीपर्यंत पोंचत. माझ्या वयाची आजी त्या सबंध गांवांत एखादीच असेल, आणि तिला किती मान असेल, असें मनांत आलें.

हे लोक या पठारावर इ. स. ५५० च्या सुमारास आले. आधीं खड्ड्यांतल्या घरांत, मग जमिनीवरच्या वस्त्यांत असे ते शतकानुशतकें वरच राहिले. कपारींत ते उतरले तें बाराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे कड्यांतलीं हीं घरें त्यांच्या सातशें वर्षांच्या वास्तव्याचा शेवटचा, शंभर वर्षांहूनही कमी काळाचा, अध्याय आहे. १२७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ते निघूं लागले, आणि १३०० पर्यंत सारें पठार रिकामें झालें.

हीं वर्षें इतकीं नेमकीं कशीं कळलीं, तें ऐकण्यासारखें आहे. झाड दरसाल एक वलय वाढवितें. पावसाच्या वर्षीं जाड, अवर्षणाच्या वर्षीं बारीक. अँड्र्यू डग्लस या खगोलशास्त्रज्ञानें अशीं वलयें जुळवीत जिवंत झाडांपासून मागें मागें जाण्याची पद्धति बसविली, आणि १९२९ सालीं ॲरिझोनांत मिळालेल्या एका जळक्या तुळईनें मधला तुटलेला दुवा सांधला. तेव्हांपासून या घरांतील तुळया आपलें तोडलें गेल्याचें वर्ष स्वतःच सांगूं लागल्या. त्याच वलयांनीं आणखी एक गोष्ट सांगितली: १२७६ पासून १२९९ पर्यंत तेथें भयंकर अवर्षण होतें. एकट्या अवर्षणानें ते गेले असें मात्र कोणी म्हणत नाहीं. जमिनीचा कस गेला होता, सरपण संपत आलें होतें, तंटेबखेडेही वाढले असावेत, आणि दक्षिणेकडे नव्या वस्त्या बोलावीत होत्या.

हीं सालें ऐकतां ऐकतां मीं मनांतल्या मनांत शके मोजले. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची, ज्ञानेश्वर महाराजांची समाधि १२९६ ची. नेवाशास ओंव्या सांगितल्या जात होत्या, तेव्हां पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला हीं माणसें पाठीवर मावेल तेवढें घेऊन घराबाहेर पडत होतीं. मडकीं, टोपल्या, दळण्याचे दगड मागेंच राहिले. कान असलेले पांढरे-काळे पेले तर असे कीं आजही त्यांतून चहा प्यावा.

वर आल्यावर रेंजरबाईनें आम्हांला सांवलींत बसविलें आणि पुढची कथा सांगितली. १८८८ च्या डिसेंबरच्या १८ तारखेस रिचर्ड वेदरिल व त्याचा मेहुणा चार्ली मेसन हे दोघे गुराखी चुकलेलीं गुरें शोधीत बर्फांतून या टोंकाशीं आले आणि त्यांना हें गांव दिसलें. पुस्तकांत याला 'शोध' म्हणतात. पण अकोविट्झ नांवाच्या यूट जातीच्या माणसानें वेदरिलला अशा घरांविषयीं आधींच सांगितलें होतें. १८१९ सालीं एका इंग्रज अधिकाऱ्यानें अजिंठ्याचा 'शोध' लाविला असें आपण शाळेंत शिकलों. तेथल्या गांवकऱ्यांना तीं लेणीं ठाऊक नव्हतीं, असें थोडेंच होतें!

शोधामागून उपसणें आलें. मडकीं, चपला, पांघरुणें, इतकेंच नव्हे तर पुरलेल्या माणसांचे सांगाडेही काढून विकले गेले. १८९१ सालीं गुस्ताफ नॉर्डेन्शेल्ड हा तेवीस वर्षांचा स्वीडिश विद्वान आला. त्यानें काळजीपूर्वक उत्खनन केलें, नकाशे काढले, छायाचित्रें घेतलीं, आणि १८९३ सालीं त्यावर उत्तम ग्रंथही लिहिला. पण सांपडलेल्या वस्तू पेट्यांत भरून तो निघाला, तेव्हां लोक खवळले आणि डुरँगो येथें त्याला अटक झाली. लगेच सोडावें लागलें. कारण असें नेण्यास बंदी करणारा कायदाच देशांत नव्हता! तो संग्रह पुढें फिनलंडच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांत जाऊन बसला.

कायदा झाला त्यामागें स्त्रियांचे कष्ट होते, हें आमच्या भगिनींनीं लक्षांत ठेवावें. व्हर्जिनिया मॅक्लर्ग आणि लूसी पीबडी या दोघींनीं व्याख्यानें दिलीं, अर्ज केले, स्त्रियांचा संघ स्थापून कित्येक वर्षें सरकार-दरबारीं खेटे घातले. शेवटीं शेवटीं दोघींचे मतभेदही झाले; पण जून १९०६ मध्यें अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं प्राचीन वस्तूंच्या रक्षणाच्या कायद्यावर आणि या उद्यानाच्या कायद्यावर, दोहोंवर, सही केली. मानवी कृतींच्या जतनासाठीं राखलेलें हें अमेरिकेचें पहिलें राष्ट्रीय उद्यान.

हें सारें सांगून झाल्यावर तिनें विचारलें, "मग ते लोक गेले कोठें?" तुकडींतील एक गृहस्थ म्हणाले, "नाहींसे झाले." तिनें मान हलविली. ते नाहींसे झाले नाहींत. ते दक्षिणेस गेले. ॲरिझोनांतले होपी आणि न्यू मेक्सिकोंतील एकोणीस पुएब्लो गांवांचे लोक, झुनी, अ‍ॅकोमा, झिया, टाओस आणि इतर, हे त्यांचे वंशज आहेत. आजही ते मका पिकवितात, आजही किवांत उतरतात. होपी लोकांत घर स्त्रीचें असतें, मुलें आईच्या कुळाचीं असतात, आणि परंपरेप्रमाणें जांवई बायकोच्या घरीं राहावयास येतो. एकत्र कुटुंबच तें, पण आईच्या अंगानें वाढलेलें. पूर्वजांना 'अनासाझी' म्हटलेलें त्यांतील पुष्कळांना आवडत नाहीं. तो शेजारच्या नाव्हाहो लोकांचा शब्द, आणि त्याचा अर्थ 'पुरातन शत्रू' असा सांगतात. आपल्या पणजोबांना शेजाऱ्याच्या शत्रूचें नांव दिलेलें कोणाला रुचेल? होपी लोक अशा वास्तूंना पूर्वजांच्या पाऊलखुणा म्हणतात. त्यांच्या मतें या जागा टाकून दिलेल्या नाहींत. पूर्वज तेथेंच आहेत.

आणि मग तिनें शेवटची गोष्ट सांगितली. पुएब्लो लोकांनीं आपल्या पूर्वजांच्या अस्थि परत मागितल्या. होपी, झुनी, अ‍ॅकोमा आणि झिया यांनीं पुढाकार घेतला, सव्वीस जमातींनीं मिळून मागणी केली, आणि २०२० सालीं फिनलंडनें वीस माणसांच्या अस्थि व त्यांच्यासह पुरलेल्या अठ्ठावीस वस्तू परत पाठविल्या. एकशें एकोणतीस वर्षांनीं ते वीस जण घरीं आले आणि त्यांच्याच भूमींत त्यांना पुन्हां पुरण्यांत आलें. बाकीचा संग्रह हेलसिंकीसच राहिला.

तुकडी पांगली. नात माझ्याजवळ आली, खिशांतून खापरी काढून तिनें तळहातावर ठेवली, आणि हळूच विचारलें, "आजी, ही कोणाची?"

मला उत्तर सुचेना. सुचेना असें म्हणणेंही खरें नव्हे. उत्तर मला सकाळींच ठाऊक होतें. कोंकणांत आमचें मूळ घर आहे. दीर गेल्यापासून तें कुलुपांत असतें; गणपतींत चार दिवस उघडतें. त्याच्या पडवींत सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचा झोपाळा होता, पितळी कड्यांचा. एका वर्षीं उघडलें तों झोपाळ्याची फळी जमिनीवर, आणि कड्या नाहींशा. कोणी नेल्या तें पुढें कळलें. त्याला चोरी केल्यासारखें वाटतच नव्हतें. "तेथें कोणी राहत नाहीं ना? मग पडूनच होत्या कीं!" असें तो सहज म्हणाला. त्या वाक्याची जळजळ मी अनेक वर्षें विसरलें नव्हतें. आणि आज, दुसऱ्याच्या अंगणांत, मीं स्वतःशीं तेंच वाक्य म्हटलें होतें. त्याला कड्यांची नड तरी असेल. मला तर नुसतें कपाट सजवावयाचें होतें.

मीं नातीला म्हटलें, "ज्यांचें घर आहे त्यांची. चूक तुझ्यापेक्षां माझी मोठी आहे, बाळ. मला ठाऊक होतें, तरी मी बोललें नाहीं. चल, सांगूं या."

आम्ही दोघी रेंजरबाईकडे गेलों. ती रागावली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "कोठें होती, तें आठवतें का?" नातीला जुनिपरचें तें मूळ नेमकें आठवत होतें. मग बाईनें तिला समजावून सांगितलें कीं, अशा तुकड्याचें अर्धें सांगणें त्याच्या जागेंत असतें. कोणत्या घराजवळ, कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं तो पडला, यावरून अभ्यासकांना घर कळतें, काळ कळतो. जागेवरून हलविला कीं तो नुसता सुंदर तुकडा उरतो. ती आमच्याबरोबर त्या वाटेनें आली. नातीनें खापरी मुळाशीं ठेवली; रेघा वर कीं खालीं, यावर जरा विचार केला; मग खालीं केल्या, कारण सांपडली तेव्हां तशीच होती.

दुपारीं मुलगा, सून व नात 'बाल्कनी हाऊस' नांवाची दुसरी वास्तु पाहून आलीं. तेथें बत्तीस फुटांची शिडी चढावी लागते आणि अठरा इंच रुंद, बारा फूट लांब अशा भुयारांतून रांगत जावें लागतें. म्हणून मी गेलें नाहीं. मी संग्रहालयाच्या गच्चींतून समोरचें 'स्प्रूस ट्री हाऊस' पाहत बसलें. सुमारें एकशें तीस खोल्या, आठ किवा; कपारीच्या छताचे दगड निसटूं लागल्यामुळें २०१५ सालीं तेथें लोकांस जाणें बंद करण्यांत आलें. पाण्यानें जी कपार कोरली, तीच पाणी हळूहळू पाडीतही आहे. आपलीं मुलेंबाळें तिकडे असतील आणि जाण्याचा योग येईल, त्यांनीं तिकिटें आधीं काढावीं, पाण्याच्या बाटल्या घ्याव्या, घट्ट पायताण घालावें, आणि शिड्यांची धास्ती असेल तर कड्यावरूनच पाहावें. तेथूनही पुष्कळ दिसतें. एवढें मात्र करावें: आपल्या आजोळीं जसें आपण उंबऱ्याशीं क्षणभर थांबतों, तसें तेथें थांबावें.

हें सगळें मीं आप्पांना सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. या खेपेस ते हंसले नाहींत. शेवटीं उठतां उठतां म्हणाले, "एवढ्या लांबून आलांत, वहिनी, तेथून आठवण म्हणून कांहीं आणलेंत कीं नाहीं?"

मीं म्हटलें, "आणणार होतें. ठेवून आलें."